बिजागरीचा स्क्रू

"आता बघ, कसे उभे हायत!" तात्यारावांनी स्टिअरिंगवर हात आपटला. "येडशीच्या घाटापासनं दोघं मेल्यागत पडून होते. तुझ्या दारात आली का हिला शहाणपण सुचतंय."

उत्तरेश्वर गाडीच्या दारावर कोपरे टेकून डॅशबोर्डावरच्या मीटरांकडे बघत होता. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता, इंजिनाच्या उष्णतेचा काटा मधोमध होता, आणि दोघेही साहेब तपासणीला आल्यावर शाळेतली पोरे बसतात तसे ताठ बसले होते.

दुखणे असे होते. गाडी चांगली पळत असताना मध्येच हे दोन्ही काटे एकदम खाली पडत, वळणाचे दिवे विझत, आणि थोड्या वेळाने काही झालेच नाही अशा थाटात सगळे आपोआप सुरू होई. इंजिन तापलेय की नाही ते कळत नसे, टाकीत किती उरले तेही कळत नसे. सोलापूरच्या गॅरेजात दोन्ही मीटर बदलून झाले होते. बार्शीच्या मिस्त्रीने पेट्रोलच्या टाकीतला तरंगा बदलला होता. त्या प्रत्येकाच्या दारात गाडी धडधाकट उभी राहिली होती. वैद्यासमोर गेल्यावर ज्यांचा खोकला थांबतो अशी माणसे असतात, तसली ही गाडी.

बाकी गाडी नखरेलच होती. दोन माणसांची, दोन दारांची, डोक्यावर कापडी टप आणि तोही मनात येईल तेव्हा मागे घडी घालून ठेवायचा. विलायतेत शर्यतीसाठी बनवलेली. हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या वारसांनी हवेलीबरोबर ती विकायला काढली आणि तात्यारावांनी तिथे जाऊन उचलली. दुधावरच्या सायीसारखा तिचा रंग येरमाळ्याच्या फुफाट्यात दुपारपर्यंत मातकट होऊन जाई. तरी ती रस्त्याने गेली की माणसे हातातले काम सोडून बघत राहत.

तात्याराव होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन होते. त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरे छावणीत बांधली होती, प्यायचे पाणी टँकरने येत होते, आणि तात्याराव उसाच्या कारखान्याचे शेअर्स गोळा करत गावोगाव हिंडत होते. आता ह्यात हसण्यासारखे काही नाही. पाऊस काय आज ना उद्या पडणारच, तेव्हा कारखाना तयार असायला नको का, असे ते सभेत विचारत आणि लोकांना ते पटे. न पटून करणार काय? आशा धरायला गावात दुसरे काही उरलेच नव्हते.

"चांगला रस्ता असला तर ती दुखणं दाखवायची न्हाय, तात्यासाहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "खडीच्या रस्त्यानं घेऊ तिला. तुमी चालवा, म्या खाली बघत ऱ्हातो."

"आन् आईला कुठं बसवू?"

तात्यारावांची आई केशरबाई शेजारच्या सीटवर पाय दुमडून, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. सकाळी डोंगरावर येडेश्वरीचे दर्शन झाले होते, दुपारी येरमाळ्यात लेकाची सभा होती, आणि मधला वेळ ह्या मेल्या काट्यांनी खाल्ला होता. "बसते की मी लिंबाखाली," ती म्हणाली आणि दाराला धरून सावकाश उतरली. उतरण्याआधी तिने डॅशबोर्डाला हात लावून तो कपाळाला लावला.

डॅशबोर्डावर, दोन्ही मीटरांच्या मधोमध, तुळजाभवानीचा चांदीचा पत्रा बसवला होता. तळहाताएवढा, हळदीकुंकवाने माखलेला. मागच्या साली घाटात ही गाडी दरीच्या कडेला जाऊन थांबली आणि लेक वाचला, तेव्हा केशरबाईने बोललेला तो नवस होता. तुळजापुरात ज्या लॉजवर ती उतरली होती तिथल्या सुताराने तो लाकडी डॅशबोर्डावर चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून बसवून दिला. पुजाऱ्याने मंत्र म्हटले, नारळ फुटला. तेव्हापासून गाडी गावात शिरली की बायका आधी देवीच्या पाया पडत आणि मग पुरुष तात्यारावांचे भाषण ऐकत. शेअर्स मागायला देवी बरी पडते, हे तात्यारावांनी कधी बोलून दाखवले नाही. बोलून दाखवण्यासारखी ती गोष्टही नव्हती.

उत्तरेश्वर मोटारींचा वायरमन होता. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या सरकारी बसच्या डेपोत झाडू मारता मारता तो वायरी जोडायला शिकला. राजवट गेल्यावर गावी आला आणि हमरस्त्याच्या कडेला ह्या लिंबाखाली त्याने पत्र्याची टपरी टाकली. पन्नाशी आली होती. मान खाली अडकवून, उताणे पडून काम करायचे म्हणजे आता मणक्यातून कळ निघे. त्यात दुष्काळाने रस्त्यावर टँकर आणि धान्याच्या ट्रकांशिवाय काही उरले नव्हते, आणि त्यांची दुरुस्ती सरकारी गॅरेजात होई. दिवस दिवस तो टपरीत बसून माश्या हाकी. आणि त्याची बायको, चांगुणा, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाई.

तिची बोटे भेगाळली होती. रात्री ती तेल लावून हात मांडीवर उपडे ठेवून बसे आणि ते नवऱ्याला दिसू नयेत म्हणून पदराखाली घेई. उत्तरेश्वरला ते दिसत. त्याला जगात सध्या एकच गोष्ट हवी होती. चांगुणाचा हातोडा सुटायला हवा होता.

म्हणून आठवड्यापूर्वी तात्याराव टपरीवर थांबून म्हणाले होते, "ह्या काट्यांचं दुखणं शोध. कारखान्याचं गॅरेज आधीच सुरू झालंय, तिथं वायरमनची जागा हाय, ती तुझी. परमनंट," तेव्हा तो संध्याकाळी घरी जाऊन बायकोसमोर हसला होता. चांगुणा म्हणाली होती, "लई दिसांनी दात दिसले तुमचे."

तर उत्तरेश्वर गाडीत शिरला. शिरला म्हणजे काय, डोके डॅशबोर्डाखाली, पाठ सीटच्या गादीवर, आणि पाय राहायला जागा नाही म्हणून ते सीटच्या पाठीवरून वर, आकाशाकडे. टप काढलेलाच होता. अशा थाटात चेअरमनांची स्वारी तलावाच्या कच्च्या रस्त्याला लागली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग आणि ढिगांमागे बायका. गाडी दिसली तसे हातोडे थांबले. आधी कोणाला काही कळेना. मग गौराबाई नावाची एक खट्याळ बाई होती, तिने कपाळावर हात धरून निरखून पाहिले आणि ओरडली, "अगं चांगुणे, तुझा मालक बघ की! चेअरमनच्या गाडीत, पाय वर करून!"

"वहाणा त्यांच्याच हायत," चांगुणा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. दिवसभरात बायका तेवढ्याच हसल्या.

खाली उत्तरेश्वरला काहीच दिसत नव्हते. नाकात धूळ, तोंडात बॅटरी, आणि डोळ्यांसमोर वायरींची एक जाड जुडी, जुन्या कापडी वेष्टणाची, लाकडामागून आडवी गेलेली. पेट्रोल, उष्णता आणि वळणाचे दिवे एकाच वेळी मरतात म्हणजे त्या सगळ्यांना पुरवठा करणारी वायर एकच असली पाहिजे, एवढे त्याने टपरीतच ठरवले होते. दुखणे त्या एका हिरव्या वायरीत होते. कुठे होते तेवढे राहिले होते. त्याने जुडीवर हात ठेवला आणि वाट बघितली.

"पडले!" वरून तात्याराव ओरडले.

त्याने जुडी एका टोकाला दाबली.

"पडलेलेच हायत!"

त्याने हात सरकवला, पुन्हा दाबली.

"न्हाय! न्हाय अजून!"

मधोमध आला, दाबली.

"उठले! उठले रं!"

त्याने हात सोडला. "पडले!" दाबला. "उठले!" मोठा माणूस भर रस्त्यात देवाच्या पालखीपुढे ओरडावा तसा ओरडत होता आणि बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. उत्तरेश्वरने तिसऱ्यांदा जोर करून दाबले तेव्हा त्याच्या बोटात काहीतरी घुसले. त्याने हात मागे घेतला. बोटाच्या पेराला रक्ताचा थेंब आला होता.

मग त्याने बॅटरीचा झोत तिथे नेला आणि नीट बघितले. लाकडातून एका स्क्रूचे टोक बाहेर आले होते आणि थेट जुडीत शिरले होते. देवीच्या पत्र्याचे तीन स्क्रू बारीक होते, लाकडातच मुरलेले. चौथा कमी पडला असणार, म्हणून त्या सुताराने हाताला लागला तो ठोकला होता, दाराच्या बिजागरीचा, लांबच्या लांब. हिरवी वायर त्याने जवळजवळ तोडली होती. दोन-चार तारांवर ती कशीबशी लोंबत होती, धक्का बसला की सुटायची आणि पुढच्या धक्क्याला पुन्हा टेकायची. एवढेच असते तर उत्तरेश्वर आनंदाने ओरडला असता. पण हिरवीच्या मागे एक जाड तपकिरी वायर होती. ती गाडीच्या बॅटरीकडून सरळ येते, तिला फ्यूज नसतो. स्क्रूने तिचेही वेष्टण खाल्ले होते, आणि तोच स्क्रू पलीकडे गाडीच्या लोखंडी पट्टीला टेकायच्या बेतात होता. अजून केसाएवढे कापड मध्ये होते.

"सापडलं का?" तात्यारावांनी विचारले.

"टपरीवर चला, तात्यासाहेब," तो खालूनच म्हणाला. "सावकास चला."

टपरीपाशी माणसे जमली होती. सभेला आलेले होते, शेजारचा चहावाला कल्याणप्पा होता, आणि उगाच आलेलेही होते. केशरबाई लिंबाच्या मुळीवर बसली होती. उत्तरेश्वरने गाडीतून पाय ओढून बाहेर काढले, पाठ सरळ केली आणि तात्यारावांना बाजूला यायची खूण केली.

"हितंच सांग की," तात्याराव म्हणाले. त्यांना आनंद झाला होता आणि माणसांसमोर तो दाखवायचा होता. "सोलापूरवाल्यांनी हात टेकले, बार्शीवाल्यांनी टेकले. आमच्या उत्तरेश्वरनं शोधलं. सांग काय झालं व्हतं."

मग त्याने सांगितले. हळू आवाजात सांगितले, तरी ऐकू जायचे ते गेलेच. देवीच्या पत्र्याचा एक स्क्रू लांब आहे. तो वायरीत घुसलाय. तेवढा एक काढून बारका बसवला की काम झाले.

तात्यारावांचा चेहरा बदलला. त्यांनी माणसांकडे पाहिले, आईकडे पाहिले. "देवीला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "प्रतिष्ठापना झाल्याली हाय. तू असं कर, त्या वायरीला दुसरी वायर टाक. अंगावरनं फिरवून ने. देवी हाय तशी ऱ्हाऊ दे."

हे करता येण्याजोगे होते. उत्तरेश्वरला ते येतही होते. नवी हिरवी वायर जुडीच्या बाहेरून नेली असती तर तासाभरात काटे उठले असते, तात्यारावांनी पाठ थोपटली असती, आणि उद्या सकाळी चांगुणा घरी राहिली असती. हे सगळे त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"वायर टाकतो," तो म्हणाला. "पर स्क्रू ऱ्हायला तर उपेग न्हाय. मागं जाड वायर हाय, तिला बी लागलाय त्यो. एक दिस घासून घासून टेकला का गाडी जाग्यावर पेटंल. तुमास्नी उतराया बी मिळायचं न्हाय."

"इतक्या दिवसांत न्हाय पेटली ती!"

"न्हाय पेटली, हे खरं हाय."

"मग?"

"मग पेटंल."

कोणीतरी हसले. ते हसणे तात्यारावांना झोंबले. एरवी ते वाईट माणूस नव्हते. बुद्धवाड्यातल्या पोरांना वसतिगृहात घ्या म्हणून त्यांनीच कलेक्टरकडे खेटे घातले होते. पण चारचौघांत अडलेल्या माणसाच्या तोंडात जे पहिले येते ते बहुतेक वर्षानुवर्षे तिथेच बसलेले असते. "तुम्ही लोकांनी आपले देव नदीत सोडले," ते म्हणाले. "आता आमचे उतरवाया निघालास व्हय?"

कल्याणप्पाने उगाच कपबशी उचलली आणि पुन्हा ठेवली.

उत्तरेश्वरला वाईट वाटले. राग आला तो नंतर, आधी फार वाईट वाटले, आणि सगळ्यात जास्त वाटला तो थकवा. सकाळपासून मान मोडून पडलेला तो, बोटातून रक्त आलेला, आणि हे सगळे एका सुताराला बारका स्क्रू मिळाला नाही म्हणून. त्याने हातातला पेचकस बाहीला पुसला आणि खिशात घातला.

"उत्तरेश्वरा," केशरबाईने हाक मारली. "इकडं ये."

तो लिंबापाशी गेला, थोडे अंतर ठेवून उकिडवा बसला.

"तू जाईबाईचा ना रं? आमच्या खळ्यावर यायची ती?"

"व्हय, मावशी."

तिला मावशी म्हणणारे बुद्धवाड्यातून आजवर कोणी आले नव्हते. तिने ते ऐकले आणि सोडून दिले. "गेली म्हणं."

"लई वर्षं झाली."

"देव तिनं सोडले का तू सोडाया लावले?"

ही गोष्ट उत्तरेश्वरला आजवर कोणी विचारली नव्हती, घरातल्यांनीही नाही. "दीक्षा घिऊन आलो तवा म्या सांगितलं. पर नेले तिनंच. सगळे टाक सुपात घातले, सूप डोक्यावर घितलं आन् तेरणंला गेली. म्या मागनं चाललो व्हतो."

"रडली का?"

"न्हाय. म्या इचारलं, आई, वाईट वाटतंय का. तर म्हणली, जिच्या पायरीला जलमभर हात लावू दिला न्हाय, तिला घरात म्या एकटीनं किती दिस सांभाळायची?"

केशरबाईचा हात पदरावर थांबला. रस्त्याने टँकर गेला, त्याच्या मागे सांडणाऱ्या पाण्याची एक ओली रेघ डांबरावर उमटली आणि बघता बघता वाळली.

"पर एक व्हतं," उत्तरेश्वर म्हणाला. "सकाळी उठली का रिकामा कोनाडा पुसायची. हात जायचाच तिचा. फुडं आमी तिथं बाबासाहेबांचा फोटू लावला, मग त्यो पुसाया लागली."

"तुळजापूरला म्या किती येळा गेले असंन," केशरबाई म्हणाली. "पायऱ्या उतरताना एकदा बी ध्येनात आलं न्हाय, का जाईबाई ह्या पायरीवर कधी न्हाय दिसली." ती थांबली. "खरं सांग. त्यो स्क्रू ऱ्हायला तर?"

"आज न्हाय काय व्हणार. उद्या बी न्हाय व्हणार. एक दिस पेटंल. आन् तुमी आत असाल."

ती जमिनीला हात टेकून उठली. "दे ते पेचकस. मी काढते."

"आई!" तात्याराव पुढे आले.

"तू गप. नवस माझा हाय, देवी मी बसवली."

उत्तरेश्वरने पेचकस गाडीच्या मडगार्डवर ठेवला. केशरबाईने तो तिथून उचलला. दोघांच्याही हातांना तेवढे अंतर पाठ होते. ती सीटवर बसली, देवीला नमस्कार केला, आणि त्याने दाखवलेल्या खालच्या कोपऱ्यातल्या स्क्रूच्या खाचेत पेचकसाचे टोक लावले. ते घसरले. पुन्हा लावले.

"डावीकडं फिरवा, मावशी. आधी दाबा, मग फिरवा."

तिने दाबले. मनगटाच्या शिरा वर आल्या, पेचकस थरथरला, स्क्रू जागचा हलेना. सुताराने चांगला आवळला होता. देवीचे काम म्हणून त्याने मन लावून केले असणार. ती दम घ्यायला थांबली. घामाने कपाळावरचे गोंदण चमकत होते.

"जोर न्हाय रं हातात," ती म्हणाली. "धर की तू बी."

उत्तरेश्वरने एकदा तात्यारावांकडे पाहिले. तात्याराव रस्त्याकडे बघत होते. मग त्याने केशरबाईच्या हातावर आपला हात ठेवला, मुठीवर मूठ धरली आणि फिरवले. स्क्रू करकरला, सैल झाला, आणि मग तिच्या एकटीच्या हातानेही फिरू लागला. फिरतच राहिला. केवढा लांब होता! शेवटी तो निघून तिच्या मांडीवर पडला तेव्हा टोकाला हिरव्या कापडाचे धागे आणि तांब्याची एक तुटकी तार अडकली होती. तिने तो चिमटीत धरून लेकासमोर केला.

पत्रा तीन कोपऱ्यांवर धरून होता, जराही कलला नव्हता. उत्तरेश्वरने डब्यातून एक बारका पितळी स्क्रू शोधून दिला आणि तो केशरबाईने स्वतः आवळला. मग तो पुन्हा खाली शिरला. तुटलेली वायर सोलून जोडली, डाग दिला, काळ्या टेपचे वेढे दिले, तपकिरी वायरीलाही दिले, आणि जुडी लाकडापासून दूर ओढून बांधली. किल्ली फिरवली. काटे उठले. त्याने जुडी हलवली, ओढली, डॅशबोर्डावर बुक्की मारली. काटे तसेच उभे राहिले.

"तात्या," केशरबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्याला कारखान्यात घे. खरं बोलणारा माणूस हाय."

तात्यारावांनी किल्ली घेतली, गाडी सुरू केली. "बघू की," ते समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. "संचालकांची मिटिंग हुंदे. बघू."

सहकारातला हा 'बघू' त्या काळात सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होता. त्याचा अर्थ नाही असाच असतो, पण नाही म्हणाल्याचे पाप कोणाला लागत नाही. उत्तरेश्वरला तिथेच कळले की आपली जागा गेली. केशरबाई बोलली नसती तर कदाचित राहिलीही असती. आपल्या तोंडून जे निघाले ते ज्याला लागले, तो माणूस रोज गॅरेजात समोर दिसायला तात्यारावांना नको होता. ते समजण्यासारखे होते. चूक नवी वायर न टाकण्यात झाली का, असे त्याच्या मनात येऊन गेले. पश्चात्ताप झाला का? झाला, थोडासा झाला. गाडी धूळ उडवत सभेकडे निघाली आणि तिचे वळणाचे दिवे व्यवस्थित लागले.

ऊन कलल्यावर तो तलावाच्या कामावर गेला. बायकांची सुट्टी झाली होती, गौराबाई पुढे निघून गेली होती. चांगुणा खडीच्या ढिगाशी एकटीच बसून हातोड्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळत होती. तिने त्याला येताना पाहिले आणि त्याच्या चालण्यावरून निम्मे ओळखले.

"पाय वर करून गेलात, आता खाली घालून आला," ती म्हणाली.

"गाडी झाली."

"ते न्हाय इचारलं."

तो तिच्या शेजारी खडीवरच बसला. "बघू म्हणले."

चांगुणाने मान हलवली. चिंधीची गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली. "आन् काटे? उठले का?"

"उठले."

"मग झालं." जरा वेळाने ती म्हणाली, "गौरी इचारत व्हती, आता तू उद्यापासनं येणार न्हाईस ना म्हणून. म्या काय बोलले न्हाय तिला. बरंच झालं."

उत्तरेश्वरने तिच्याकडे पाहिले नाही. "हात बघू," तो म्हणाला.

"काय न्हाय झालं हाताला."

"बघू तर."

तिने पदराखालून हात काढला. अंगठ्याच्या आणि पहिल्या दोन बोटांच्या भेगा आतून लाल होत्या, त्यांत दगडाची पांढरी पूड भरली होती. त्याने तिच्याच पदराने ती पुसली, मग खिशातून काळी टेप काढली. वायरीला देतो तसे, सुरुवात दाबून धरून, कुठे सुरकुती पडू न देता, त्याने एकेका बोटाला वेढे दिले. चांगुणा बघत राहिली. पेरांपाशी मात्र तो थांबला आणि तेवढी जागा मोकळी सोडून पुढे गेला.

"वाकवून बघ," तो म्हणाला.

तिने हातोडा उचलला आणि मूठ मिटली.

"येतंय धरायला," ती म्हणाली.